विसरणाऱ्या स्मृतीचा उपयोग

दाराचे कुलूप बदलायला आलेला सुतार घराच्या आत उभा आहे की बाहेर, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. काही बिघडलेच तर तो मागच्या दाराने येईल. पण घराला एकच दार असेल, सुतार शेकडो किलोमीटरवर बसून त्याच दारातून हात घालून काम करीत असेल आणि काम करता करता दारच बंद होऊन बसले, तर? संगणकांच्या जाळ्याची राखण करणाऱ्या फायरवॉल या यंत्रावर काम करणाऱ्यांपुढे हा प्रश्न गेली तीस-पस्तीस वर्षे आहे. केलेला बदल अजून पक्का झालेला नाही, तोवर तो मागे कसा घ्यायचा, आणि मागे घेणाराच बाहेर अडकला असेल तर तो कोणी घ्यायचा, याची उत्तरे हळूहळू सापडत गेली. पहिले उत्तर तर कोणी शोधलेच नव्हते. ते यंत्राच्या एका उणिवेतून फुकट मिळाले.

फायरवॉल हा शब्द मुळात इमारती बांधणाऱ्यांचा. एका घराची आग शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून मध्ये घालतात ती जाड भिंत. संगणकाच्या जाळ्यात माहिती लहान लहान पॅकेटांच्या रूपात जाते आणि प्रत्येक पॅकेटवर, पाकिटावर असावा तसा, पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. संस्थेचे जाळे आणि बाहेरचे जग यांच्या सीमेवर बसलेली फायरवॉल हे पत्ते वाचते आणि हातातल्या यादीप्रमाणे पॅकेट सोडते किंवा अडवते. शाळेच्या फाटकावरच्या शिपायाला आपण अशी यादी दिली आहे असे समजा. त्याला तीन सूचना आहेत. यादी वरून खाली वाचायची. पहिली जी ओळ लागू पडेल तिच्याप्रमाणे वागायचे, पुढचे वाचायचे नाही. एकही ओळ लागू पडली नाही, तर आत सोडायचे नाही.

खरी गंमत तिसऱ्या सूचनेत आहे, कारण बहुतेक यंत्रांत ती यादीत लिहिलेली नसते, गृहीत धरलेली असते. फाटकावर यादीच नव्हती तेव्हा शिपाई सर्वांना सोडत होता. दूरवर बसलेल्या अभियंत्याने एका ओळीची यादी लावली: ‘अमुक पत्त्यावरून येणारे अडव.’ त्याच क्षणी ती न लिहिलेली शेवटची ओळही लागू झाली आणि बाकीचे सगळेच अडले. अडलेल्यांत अभियंत्याची स्वतःची पॅकेटेही होती, कारण तोही त्याच फाटकातून आत येऊन काम करीत होता. आता चूक दुरुस्त करण्याची आज्ञा तो टाइप करू शकतो, पण ती यंत्रापर्यंत पोहोचत नाही. बसलेली फांदी तोडण्याची गोष्ट आपल्याकडे मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगतात. या क्षेत्रात ती चांगल्या अनुभवी माणसांच्या बाबतीत घडते, कारण फांदी कोणती हे पडद्यावर दिसत नाही.

अशा पहारेकऱ्याची गरज सर्वांना पटली ती २ नोव्हेंबर १९८८ नंतर. कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेली, स्वतःच्या प्रती काढत पसरणारी आज्ञावली त्या रात्री अमेरिकेतल्या हजारो संगणकांत शिरली. तेव्हाच्या सुमारे साठ हजारांपैकी सहा हजार संगणक बाधित झाले असे नेहमी सांगितले जाते. तो मोजलेला आकडा नाही, अंदाज आहे. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या जेफ्री मोगल यांनी नियमांच्या यादीप्रमाणे पॅकेटे गाळणाऱ्या आज्ञावलीवर निबंध प्रसिद्ध केला. बेल प्रयोगशाळेत विल्यम चेसविक आणि स्टीव्हन बेलोव्हिन यांनी याच प्रश्नावर काम केले आणि १९९४ मध्ये या विषयावरचे त्यांचे गाजलेले पुस्तक निघाले. त्याच वर्षी इस्रायलच्या चेक पॉइंट कंपनीची फायरवॉल बाजारात आली. मात्र बऱ्याच संस्थांची पहिली फायरवॉल म्हणजे वेगळे यंत्र नव्हतेच. बाहेरच्या जाळ्याशी जोडणारा जो राउटर होता, त्यालाच अशी यादी लावून काम भागवले जाई. हे राउटर बहुधा सिस्को कंपनीचे असत. स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणाऱ्या लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या दांपत्याने ती १९८४ मध्ये स्थापन केली होती.

सिस्कोच्या राउटरमध्ये नियमांच्या दोन प्रती असत. एक चालू प्रत, जिच्याप्रमाणे यंत्र या क्षणी वागते. दुसरी सुरुवातीची प्रत, जी यंत्र चालू होताना वाचली जाते. वर्गात हे समजावताना आम्ही फळा आणि रजिस्टर यांचा दृष्टान्त वापरतो. शिपाई फळ्यावरची यादी पाहून वागतो. सकाळी शाळा उघडली की रजिस्टरातली यादी फळ्यावर उतरवली जाते. दिवसभरात कोणी फळ्यावर काही लिहिले की ते तत्काळ लागू होते, पण संध्याकाळी फळा पुसला जातो. फळ्यावरचा बदल उद्याही राहावा असे वाटत असेल, तर आठवणीने रजिस्टरात उतरवावा लागतो. सिस्कोच्या यंत्रात या उतरवण्याची आज्ञा वेगळी होती. ती दिली नाही तोवर बदल ‘न जपलेला’ राहत असे.

दोन प्रती का? याचे कारण यंत्राच्या स्मृतीत आहे, आणि येथे थोडे मागे जाणे भाग आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या संगणकांची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची असे. कडे एका दिशेने चुंबकित झाले तर शून्य, उलट दिशेने झाले तर एक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला, १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणक असाच होता. त्यात प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. चुंबकत्वाला टिकून राहण्यासाठी वीज लागत नाही. त्यामुळे अशी स्मृती वीज गेली तरी, तत्त्वतः, विसरत नाही. पुढे आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी सूक्ष्म कपॅसिटरमधल्या विद्युतभाराच्या रूपात बिट साठवण्याची कल्पना काढली. तिचे पेटंट त्यांना १९६८ मध्ये मिळाले. विद्युतभार साठवूनच चालणारी इंटेलची ११०३ ही १०२४ बिटांची चिप १९७० मध्ये आली आणि फेराइटचे दिवस भरले. नवी स्मृती स्वस्त होती, लहान होती, पण गळक्या घागरीसारखी होती. कपॅसिटरमधला भार सतत झिरपतो, म्हणून तो दर काही मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणारा कोणी नाही, म्हणजे सगळे पुसले. म्हणून राउटर बनवणाऱ्यांना नियम टिकवण्यासाठी बॅटरीवर जगणारी किंवा विजेशिवाय टिकणारी दुसरी, महाग आणि लहान स्मृती जोडावी लागली. ते रजिस्टर.

आता बाहेर अडकलेल्या अभियंत्याकडे परत येऊ. त्याची चूक फळ्यावर आहे, रजिस्टरात नाही. यंत्राची वीज काढून पुन्हा दिली की फळा पुसला जाईल आणि कालची, निर्दोष यादी परत येईल. यंत्राजवळ कोणी असेल तर त्याला दूरध्वनी करून बटण बंद-चालू करायला सांगायचे, एवढाच उपाय. स्मृतीची उणीव हीच परतीची वाट झाली. टिफ्रॅकसारखी न विसरणारी स्मृती या यंत्रांत असती, तर ही वाट मिळालीच नसती.

जवळ कोणी नसेल तर? त्यासाठी एक युक्ती रूढ झाली. धोक्याचा बदल करण्यापूर्वी यंत्राला सांगून ठेवायचे: ‘दहा मिनिटांनी स्वतःहून बंद होऊन पुन्हा चालू हो.’ मग बदल करायचा. बदल ठीक असेल आणि आपण अजून आत असू, तर ती आज्ञा रद्द करायची. बाहेर फेकले गेलो असू, तर हात जोडून दहा मिनिटे थांबायचे. यात एक खाचखळगा होता. चालू प्रतीत न जपलेले बदल असतील, तर पुन्हा चालू होण्याची आज्ञा घेताना यंत्र नम्रपणे विचारते, ‘बदल झाले आहेत, जपू का?’ सवयीने ‘हो’ म्हटले, तर त्या क्षणापर्यंतचे बदल रजिस्टरात जातात आणि परतीची वाट तेवढी अरुंद होते. म्हणून आज्ञा आधी द्यावी, बदल नंतर, असे जुने लोक नव्यांना बजावीत.

ही युक्ती कामाची असली तरी ओबडधोबड होती. एक ओळ मागे घेण्यासाठी सगळे यंत्र बंद पाडायचे, म्हणजे काही मिनिटे संपूर्ण संस्थेचा संपर्क तोडायचा. शिवाय विसरणे दोन्ही बाजूंनी कापते. एखादे भोक बुजवणारी ओळ कोणी फळ्यावर लिहिली, ती लागू झाली, सर्वांना दिसली आणि रजिस्टरात उतरवायची राहिली असे समजा. सहा महिन्यांनी वीज जाते, यंत्र पुन्हा चालू होते आणि भोक गुपचूप पुन्हा उघडते. कोणी काही केलेले नसते, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. आमच्या मते बाहेर अडकण्यापेक्षा हे अधिक वाईट. अडकलेला माणूस निदान लगेच ओरडतो.

नीटस उत्तराची बीजे जाळ्यांच्या जगाबाहेर, हिशेबाच्या वह्यांत होती. एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी संगणक बंद पडला, तर मधले पैसे कोठे गेले? १९७० च्या दशकात आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ या प्रकल्पावर काम करताना जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर व्यवहाराची संकल्पना पक्की केली. व्यवहारातले सगळे बदल एकत्र लागू व्हावेत किंवा एकही लागू होऊ नये. ‘कमिट’ म्हटले की सगळे पक्के, ‘रोलबॅक’ म्हटले की सगळे पूर्ववत. ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तो मुख्यतः या कामासाठी.

योगायोग असा की, ज्युनिपर नेटवर्क्स या कंपनीचा पहिला राउटर, एम ४०, त्याच १९९८ च्या सप्टेंबरात बाजारात आला. कंपनीचे संस्थापक प्रदीप सिंधू कानपूरच्या आयआयटीचे विद्यार्थी आणि झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ. ज्युनिपरच्या जुनॉस या कार्यप्रणालीत अभियंता फळ्याला हातच लावीत नाही. तो कच्च्या वहीत लिहितो. या कच्च्या प्रतीला उमेदवार प्रत म्हणतात, आणि ती कितीही चुकीची असली तरी शिपायाच्या वागण्यात फरक पडत नाही. कच्ची प्रत आणि चालू प्रत यांत काय फरक आहे हे शेजारी शेजारी पाहता येते. नियमांची भाषा बरोबर आहे का, हे यंत्राकडून तपासून घेता येते. मग ‘कमिट’. विचार बदलला तर ‘रोलबॅक’ आणि शून्य हा आकडा दिला की कच्ची वही कोरी होऊन तिच्यात चालू यादी पुन्हा उतरते. शून्याच्या जागी १ ते ४९ पर्यंतचा आकडा दिला तर तितक्या कमिटांपूर्वीची यादी हाती येते. २००४ मध्ये ज्युनिपरने नेटस्क्रीन ही फायरवॉल बनवणारी कंपनी घेतली आणि २००८ पासून हीच पद्धत तिच्या एसआरएक्स फायरवॉलवर आली. सिस्कोनेही २००४ मध्ये आपल्या मोठ्या राउटरांसाठी आणलेल्या नव्या कार्यप्रणालीत कमिटची पद्धत स्वीकारली.

पण कच्ची वही कितीही वेळा तपासली तरी एक गोष्ट कळत नाही: ही यादी लागू झाल्यावर मी आत राहीन का? ते लागू करूनच कळते. त्यासाठी जुनॉसमध्ये ‘पुष्टी मागणारे कमिट’ आहे. बदल तत्काळ लागू होतो, पण यंत्र वाट पाहू लागते. ठरलेल्या वेळात, काही सांगितले नसेल तर दहा मिनिटांत, अभियंत्याने पुन्हा कमिट म्हटले तरच बदल राहतो. काहीच आवाज आला नाही, तर यंत्र स्वतःच जुनी यादी लावते. पुन्हा चालू करण्याच्या जुन्या युक्तीचीच ही सुधारलेली आवृत्ती, पण यंत्र बंद न पाडता. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनला एक दांडा सतत दाबून धरावा लागतो. हात सुटला की ब्रेक लागतात. तेथे मौनाचा अर्थ ‘थांब’, येथे मौनाचा अर्थ ‘परत जा’. जो बाहेर फेकला गेला आहे तो ‘नाही’ म्हणू शकत नाही, म्हणून ‘नाही’ला शब्दांची गरजच ठेवलेली नाही.

जून २००२ मध्ये इंटरनेटच्या रचनेची जबाबदारी सांभाळणाऱ्या मंडळाने प्रत्यक्ष जाळी चालवणाऱ्यांना एकत्र बोलावून त्यांच्या अडचणी विचारल्या. अनेक यंत्रांवर मिळून एकच व्यवहार करता यावा, ही त्यांची एक मागणी होती. त्यातून डिसेंबर २००६ मध्ये नेटकॉन्फ हे प्रमाण प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये सुधारले गेले. उमेदवार प्रत, कच्चे बदल टाकून देण्याची स्वतंत्र आज्ञा, ६०० सेकंदांचे पुष्टी मागणारे कमिट, हे सगळे त्यात आहे. त्यातला एक बारकावा आम्हाला फार आवडतो. कच्च्या वहीला कुलूप लावून कोणी लिहीत असताना त्याचा संपर्क तुटला, तर कुलूप आपोआप उघडते आणि त्याचे अर्धवट लिखाण टाकून दिले जाते. दुसऱ्या कोणी नकळत ते अर्धवट लिखाण कमिट करू नये म्हणून.

येथवरच्या इतिहासाने एक गोंधळही मागे ठेवला आहे. ‘सेव्ह’ या शब्दाचा अर्थ बदलला. जुन्या सिस्कोच्या पद्धतीत न जपलेला बदल आधीच लागू झालेला असतो; जपणे म्हणजे तो रजिस्टरात उतरवणे. २००५ मध्ये स्थापन झालेल्या पालो आल्टो नेटवर्क्सच्या फायरवॉलमध्ये मात्र जपणे म्हणजे कच्च्या वहीची एक नक्कल ठेवणे. ती लागू होते कमिट केल्यावरच. त्यामुळे पूर्ववत करण्याच्याही दोन आज्ञा आहेत: शेवटच्या जपलेल्या कच्च्या नकलेकडे जा, किंवा सध्या लागू असलेल्या यादीकडे जा. दुपारपर्यंतचे लिखाण जपून ठेवले आणि दुपारनंतरचे बिघडले, तर पहिली आज्ञा. सगळेच नको असेल तर दुसरी. दोहोंत गल्लत झाली तर कोणी बाहेर अडकत नाही, पण दिवसभराचे काम जाते, किंवा टाकून दिले असे वाटलेले सकाळचे लिखाण वहीत राहून पुढच्या कमिटबरोबर लागू होते. एकाच वहीत अनेक जण लिहीत असतील तर आणखी पंचाईत. म्हणून आता त्या यंत्रांत फक्त आपण केलेले बदल तेवढे मागे घेण्याचीही सोय आहे.

मागे घेतल्याने काय परत येत नाही, हेही सांगायला हवे. यादी पूर्ववत होते, मधला वेळ होत नाही. त्या दहा मिनिटांत तुटलेली संभाषणे पुन्हा जोडावी लागतात आणि उघड्या फाटकातून आत आलेला माणूस, फाटक बंद केले म्हणून, बाहेर जात नाही.

आणि जेथे परतीची वाट ठेवलेलीच नसते तेथे काय होते, याची दोन उदाहरणे आहेत. दोन्हींतली यंत्रे फायरवॉल नाहीत, पण पेच तोच. व्हायकिंग-१ हे यान २० जुलै १९७६ रोजी मंगळावर उतरले आणि सहा वर्षांहून अधिक काळ काम करीत राहिले. नोव्हेंबर १९८२ मध्ये त्याच्या थकत चाललेल्या बॅटऱ्यांसाठी पृथ्वीवरून नव्या सूचना पाठवल्या गेल्या. त्या स्मृतीत लिहिल्या जाताना, अँटेना पृथ्वीकडे वळवण्यासाठी लागणाऱ्या माहितीवर लिहिल्या गेल्या. यानाशी पुन्हा कधीच संपर्क झाला नाही. मंगळावर बटण बंद-चालू करायला कोणी नव्हते.

दुसरे उदाहरण ४ ऑक्टोबर २०२१ चे. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले असताना फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदम बंद पडले, हे वाचकांना आठवत असेल. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने फेसबुकच्या माहिती-केंद्रांना जोडणारे सगळे दुवे तोडले होते. अशा आज्ञा तपासून अडवणारी आज्ञावली होती, पण तिच्यातच दोष असल्याने तिने ही अडवली नाही. कंपनीच्या पत्त्यांची माहिती देणाऱ्या संगणकांनी, आपला केंद्रांशी संपर्क नाही हे पाहून, इंटरनेटवरची आपली जाहिरात स्वतःच मागे घेतली. दुरून दुरुस्ती करण्याची नेहमीची वाट आणि आणीबाणीसाठी ठेवलेली वेगळी वाट, दोन्ही बंद झाल्या. मग अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रांवर धाडावे लागले. ती केंद्रे कोणी सहजासहजी आत येऊ नये आणि आला तरी त्याला यंत्रांत फेरफार करता येऊ नये अशीच बांधलेली होती, त्यामुळे यात बराच वेळ गेला. दुवे जोडल्यावरही सगळे एकदम चालू करता येईना. केंद्रांचा वीजवापर दहा-दहा मेगावॉटांच्या हिशेबाने खाली आला होता आणि तो एका क्षणात वर नेला असता तर विजेच्या यंत्रणेलाच धक्का बसला असता. म्हणून सेवा एकेक करून, सावकाश, सुरू केल्या गेल्या. सुमारे सहा तास लागले.